पाच फुटी टँकला फिल्टर कुठला? आधी सांगा, धुणार कोण?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

आमच्या तीन फुटी टँकमध्ये दोन ऑस्कर मासे आहेत. आणले तेव्हा अंगठ्याएवढे होते. आता वीतभर झालेत, वळताना शेपूट काचेवर आपटतं. म्हणून पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच असा टँक करून घ्यायचं ठरवलंय. पुढच्या आठवड्यात माप द्यायचंय. घोडं अडलंय ते फिल्टरपाशी. टँक बनवणारा म्हणतो टॉप फिल्टर लावा, मित्र म्हणतो कॅनिस्टरशिवाय दुसरं काही घेऊच नकोस, भाचा म्हणतो सम्प. मी महिन्यातले दहा-बारा दिवस कामासाठी बाहेर असतो, तेव्हा तेरा वर्षांची मुलगी मासे सांभाळते. टँक हॉलमध्ये राहील. भिंतीपलीकडे आईची खोली आहे आणि तिची झोप फार सावध. सध्याचा इंटर्नल फिल्टर चौथ्या दिवशी तुंबतो, पण पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ असतं. तरी गेल्या महिन्यात दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते, ते का हे कळलं नाही. नक्की कुठला फिल्टर घेऊ?
– दोन ऑस्करांचा बाप

उत्तर:

तिघांनी तीन सल्ले दिले आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त एक प्रश्न कुणीच विचारला नाही: फिल्टर धुणार कोण? तुम्ही दहा-बारा दिवस घरी नसताना ते काम तेरा वर्षांच्या मुलीकडे जाणार आहे. पत्रातलं हे एकच वाक्य माझ्या लेखी निकाल लावून टाकतं. सम्प करा, म्हणजे टँकखाली स्टँडमध्ये फिल्टरचा वेगळा लहान टँक. टँकची काच कापायच्या वेळीच भोकं पाडून घ्या. सम्प जमणारच नसेल तर दोन कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्यातले फिल्टर लावा, एक मोठा नको. आता हे का, ते सांगतो. त्याआधी तुमच्या त्या काचेसारख्या पाण्याकडे वळू या, कारण फिल्टर म्हणजे गाळणी अशी समजूत राहिली तर महागातला फिल्टरही वाया जाईल.

मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया सुटतो. त्याला रंग नसतो, त्यामुळे पाणी तळापर्यंत लख्ख दिसत असतानाही मासा विषात पोहत असू शकतो. हा अमोनिया खाणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. जिवाणूंची दुसरी फळी त्याचं नायट्रेट करते, ते बऱ्याच प्रमाणात असलं तरी मासा सहन करतो. हे जिवाणू पाण्यात तरंगत फिरत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात: स्पंजच्या भोकांत, सिरॅमिकच्या रिंगांवर, थोडेफार वाळूत. त्यांना घर हवं आणि वाहत्या पाण्यातून मिळणारा ऑक्सिजन हवा. फिल्टर म्हणजे ही वसाहत. घाण अडवणं हे त्याचं दुसरं काम.

तुमचा स्पंज चौथ्या दिवशी तुंबतो. तुंबला की त्यातून पाणी जात नाही, म्हणजे आतल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. मग तुम्ही तो काढून धुता. आता आठवून पाहा, मासे वर येऊन तोंड वासत होते त्याच्या एक-दोन दिवस आधी स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला होता का? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते घातलेलंच असतं जिवाणू मारायला. पैजेवर सांगणार नाही, पण माझा पहिला संशय तिथेच आहे. दुसरा संशय साध्या ऑक्सिजनवर. 20 अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. गरम दिवस, तुंबलेला फिल्टर, हलत नसलेला पृष्ठभाग आणि वीतभर लांबीचे दोन मासे. एवढं जुळून आलं की मासे वर येणारच.

म्हणून फिल्टरआधी अमोनिया आणि नायट्राइट मोजायचा किट घ्या, थेंब टाकून रंग बघायचा असतो तो. दोन्ही शून्यच हवेत. 'थोडंसं आहे' हे उत्तर चालत नाही. पीएच आठच्या घरात असेल तर जास्तच सांभाळा. 25 अंशांना पीएच 7 असलेल्या पाण्यात एकूण अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्काच खऱ्या विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. किटवर आकडा तोच दिसतो, माशाला लागणारी झळ मात्र जवळपास दसपट.

आता टँक. 5 × 2 × 2 म्हणजे 20 घनफूट. घनफुटाला 28.3 लिटर धरले तर 566. वरची मोकळी जागा आणि तळातली वाळू वजा करून 500 लिटर म्हणू. पाणी, जाड काच, वाळू, स्टँड सगळं मिळून पाऊण टनाच्या आसपास वजन एका जागी येईल. जमीन तेवढं पेलेल ना, हे माप देण्याआधी विचारून घ्या. ते माझं क्षेत्र नाही.

फिल्टरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ताशी लिटर छापलेले असतात. तो आकडा फिल्टर रिकामा असताना आणि पाणी वर चढवायचं नसतानाचा. आत स्पंज भरला, पाणी मीटरभर वर चढवलं, पाइपला दोन कोपर आले की पाव ते तृतीयांश प्रवाह सहज जातो, कधी निम्मासुद्धा. ऑस्करसारख्या खादाड माशांच्या टँकमधलं पाणी तासाला निदान चार-पाचदा फिल्टरमधून फिरावं, म्हणजे तुम्हाला खरे 2000 ते 2500 लिटर हवेत. खोक्यावर 4000 लिहिलेला पंप मीटर-सव्वा मीटर उंचीवर कुठेतरी तिथे येतो. उंचीप्रमाणे प्रवाह किती घटतो त्याचा आलेख चांगल्या पंपाच्या खोक्यावर असतो, तो बघून घ्या. आणि घरी आणल्यावर खात्री करायची युक्ती साधी आहे: 10 लिटरची बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. पंप जिथे बसणार त्याच उंचीवर पाणी चढवायचं आणि बादली किती सेकंदांत भरते ते बघायचं. 15 सेकंदांत भरली तर तासाला 2400 लिटर. 30 लागले तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, तुमच्याकडे 1200 आहेत.

टॉप फिल्टरला मी नावं ठेवणार नाही. टँकवर बसवलेली पेटी, पंप पाणी वर टाकतो, ते कापसातून झिरपून खाली पडतं. धुवायला याच्याइतकं सोपं काही नाही: झाकण उचललं, मळका कापूस काढला, नवा घातला. पडणाऱ्या पाण्यामुळे हवाही मिसळते. लहान टँकला मी आजही तोच सुचवीन. पण त्या पेटीत मीडिया, म्हणजे जिवाणू ज्यावर राहतात तो स्पंज, रिंगा वगैरे, मावतो किती? ऑस्कर वाढून फूटभर होतो आणि त्याची भूक नि विष्ठा त्याच हिशेबात वाढते. 500 लिटर आणि दोन ऑस्कर, त्यापुढे ती पेटी म्हणजे हत्तीच्या तोंडात जिरं. तळातल्या वाळूखाली बसवायचे जाळीचे फिल्टर तर विसराच, ऑस्कर एका रात्रीत वाळू उकरून जाळी उघडी करतो. त्याला अंतर्गत सजावटीबद्दल ठाम मतं असतात.

कॅनिस्टर म्हणजे स्टँडमध्ये ठेवायचा बंद डबा. एक नळी पाणी घेऊन जाते, दुसरी परत आणते. आवाज जवळजवळ नाही, मीडिया भरपूर मावतो, काचेला भोक पाडावं लागत नाही. तुमचा मित्र त्याच्या प्रेमात का पडला ते मला कळतं. पण बंद डबा आहे म्हणूनच आत किती घाण साचली ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आपण पुढे ढकलतो. महिना, दीड महिना, तीन महिने. आतला गाळ तिथेच कुजत राहतो आणि त्याच्यावरून गेलेलं पाणी परत टँकमध्ये येतं. मासे नेट लावून खात असतील तर कॅनिस्टरचा पहिला स्पंज दोन-तीन आठवड्यांतून एकदा धुवायलाच हवा.

आणि तो धुणं म्हणजे काय ते तुमच्या मुलीच्या जागी उभं राहून बघा. दोन्ही कॉक बंद करायचे, पाण्याने भरलेला दहा-बारा किलोचा डबा स्टँडमधून ओढून बाथरूमपर्यंत न्यायचा, क्लिपा काढायच्या, ट्रे उपसायचे, धुवायचे, त्याच क्रमाने रचायचे, झाकणाची रबरी ओ-रिंग पुसून जागेवर बसवायची, हवा काढून पंप परत चालू करायचा. त्या रिंगवर वाळूचा एक कण राहिला तर थेंबथेंब गळती सुरू होते आणि ती दिसते दुसऱ्या दिवशी, स्टँडचं प्लायवुड फुगल्यावर. हे काम मुलीला येणार नाही असं नाही. तुम्ही फोनवर आणि ती ओल्या हातांनी, असं मात्र ते होऊ नये.

वीज जाण्याचंही आहेच. कॅनिस्टर बंद पडला की आतल्या पाण्यातला ऑक्सिजन जिवाणू स्वतःच संपवतात आणि मग मरायला लागतात. काही तास गेले की डब्यातलं पाणी वास मारू लागतं. वीज आल्यावर पंप आपोआप सुरू होतो आणि ते सगळं थेट माशांच्या अंगावर. बराच वेळ वीज नसेल तर कॅनिस्टर आधी उघडून आतलं पाणी फेकायचं, मीडिया टँकच्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच चालू करायचा. घरात कुणी नसलं तर हे करणार कोण?

तर भाच्याचा सम्प. कामगारांचा नव्हे, पाण्याचा. स्टँडच्या आत ठेवलेला दुसरा, लहान काचेचा टँक. वरच्या टँकचं पाणी काठावरून ओसंडून पाइपातून खाली येतं, कापूस, स्पंज आणि मीडियाच्या कप्प्यांतून जातं, शेवटच्या कप्प्यातला पंप ते वर पाठवतो. फायदे बरेच सांगतात. मला महत्त्वाचे वाटतात ते असे. कापूस डोळ्यांसमोर असतो: दार उघडलं, तपकिरी दिसला, उचलला, नवा ठेवला. पंप बंद करायची गरज नाही, जड काही उचलायचं नाही, दोन मिनिटांत हात धुऊन मुलगी अभ्यासाला मोकळी. एकूण पाणी पन्नास-साठ लिटरने वाढतं. वरून पाणी पडत येतं त्यामुळे हवा मिसळते. आणि हीटर सम्पमध्ये जातो. ऑस्करने हीटर काचेवर आपटून फोडलेला ज्याने एकदा पाहिलाय त्याला या शेवटच्या फायद्याचं मोल विचारा.

सम्पचा धोका एकच, पण तो मोठा आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय. माझा पहिला सम्प चार फुटी टँकखाली होता. वर पाणी सोडणाऱ्या पाइपचं तोंड मी टँकमध्ये चांगलं वीतभर खाली नेलं होतं. दिसायला नीटस, पाणी पडल्याचा आवाज नाही. महिनाभर सुरळीत चाललं. मग एका रात्री वीज गेली. पंप थांबला आणि जो पाइप पाणी वर ढकलत होता तोच सायफन होऊन पाणी खाली ओढायला लागला. तोंड पाण्याखाली होतं तोवर ओढत राहिला. 120 बाय 45 सेंटिमीटरचा टँक, 20 सेंटिमीटर पाणी उतरलं, म्हणजे 108 लिटर. सम्पमध्ये मोकळी जागा होती जेमतेम तीस लिटरची. उरलेलं सगळं फरशीवर. पहाटे पलंगावरून पाय खाली टाकला तो पाण्यातच. मासे वाचले, गालिचा नाही. चूक सर्वस्वी माझी. पाइपाला पाइप जोडला होता, हिशेब केला नव्हता.

तुमचा हिशेब आत्ताच करून टाकू. 150 बाय 60, म्हणजे टँकमधल्या पाण्याच्या पातळीचा प्रत्येक सेंटिमीटर 9 लिटर. पंप थांबल्यावर पाणी तीन सेंटिमीटर उतरलं तर 27 लिटर खाली येणार, वर पाइपांमधलं थोडं. सम्प 90 बाय 40 चा केलात तर त्याचा एक सेंटिमीटर 3.6 लिटरचा, म्हणजे तेवढ्या पाण्याने सम्प साडेसात सेंटिमीटर चढेल. पंप चालू असताना सम्पच्या काठाखाली 15 सेंटिमीटर मोकळे ठेवा. दुप्पट जागा मिळाली. पातळीच्या त्या जागी बाहेरून रंगीत टेप लावा: पाणी या रेषेच्या वर कधीच भरायचं नाही. परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली दोन बोटं, त्याहून खोल नको. लोक त्या पाइपला बारीक भोक पाडतात, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. पाडा, पण भरवसा ठेवू नका, शेवाळाने ते बुजतं. झडप म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात, तिच्यावरही नको, एक छोटी गोगलगाय अडकली की ती मिटत नाही. मोकळी जागा कधी बुजत नाही. सगळं बसवून झाल्यावर पहिलं काम म्हणजे दिवसाढवळ्या, समोर उभं राहून, पंपाचं बटण बंद करणं. पाणी थांबेपर्यंत बघायचं. मग परत चालू करून परत बंद.

भोकांबद्दल. टँक तयार झाल्यावर भोक पाडणं म्हणजे जिवावरचा खेळ, आणि काच टफन केलेली असेल तर ते शक्यच नाही, ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. म्हणून आताच सांगा. मागच्या काचेत, वरच्या कोपऱ्याकडे, दोन भोकं हवीत. तळात नकोत, कारण मागच्या काचेतलं भोक गळलं तरी त्याच्या वरचंच पाणी जाईल. आधी बल्कहेड, म्हणजे काचेत बसणारा तो आटेवाला जोड, विकत घ्या आणि त्याच्या मापाचं भोक पाडायला सांगा, उलट क्रमाने गेलात तर रबराचे तुकडे लावत बसाल. भोकाच्या कडेपासून काचेच्या काठापर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सुटलं पाहिजे. आतून भोकांभोवती काचेची उभी पेटी, तिच्या काठावरून पाणी ओसंडून आत पडेल. पेटीच्या काठाला जाळीचे दात हवेत, नाहीतर एखाद्या सकाळी मासा सम्पमध्ये सापडेल. बाहेर भिंत आणि टँक यांच्यात पाइपाला जागा सोडा, एक वीत तरी.

दोन भोकं का, हा आईंच्या झोपेचा प्रश्न आहे. सम्पची बदनामी आवाजावरून झालीय आणि ती खोटी नाही. एकच पाइप असेल तर पाण्याबरोबर हवा ओढली जाते आणि रात्रभर कुणीतरी बाटलीतून पाणी ओततंय असा गडगडाट चालतो. यावर उपाय आहे, हौशी लोक त्याला हर्बी पद्धत म्हणतात. पहिल्या पाइपचं तोंड पेटीतल्या पाण्याखाली बुडालेलं, आणि खाली सम्पजवळ त्यावर गेट व्हॉल्व्ह, म्हणजे आटे फिरवत हळूहळू बंद होणारी झडप. व्हॉल्व्ह हळूहळू आवळत न्यायचा, की पाइप पाण्याने पूर्ण भरून वाहतो, हवा जातच नाही आणि आवाज थांबतो. बॉल व्हॉल्व्ह घेऊ नका, तो केसभर फिरवला की प्रवाह हातभर बदलतो. दुसऱ्या पाइपचं तोंड थोडं उंच, त्यातून एरवी नुसती धार पाझरते. पहिला पाइप पानाने किंवा आणखी कशाने तुंबला तर सगळं पाणी दुसऱ्यातून जातं. या दुसऱ्या पाइपवर कुठलाही व्हॉल्व्ह लावायचा नाही, काहीही झालं तरी. आणि तो एकदम खळाळायला लागला तर समजा की पहिला तुंबलाय. भोंगा फुकट मिळाला.

सम्पच्या आत पहिल्या कप्प्यात कापूस किंवा फिल्टरची पिशवी, मग भरड स्पंज, मग सिरॅमिक रिंगा किंवा तत्सम मीडिया, शेवटी पंप. घाण आधी अडवायची, जिवाणूंची वस्ती नंतर, एवढाच नियम. मीडियाच्या जाहिरातींना भुलू नका. चमत्कारी दगड, खास कोटिंग, एका लिटरमध्ये मैदानाएवढा पृष्ठभाग वगैरे. साधा भरड स्पंज वर्षानुवर्षं उत्तम काम करतो. अॅक्टिव्हेटेड कार्बन औषध दिल्यानंतर पाण्यातून ते काढायला बरा, एरवी काही आठवड्यांत तो भरतो आणि नुसता पडून राहतो. यूव्ही दिवा सध्या नको.

पाणी वाफ होऊन उडतं ते सम्पच्या शेवटच्या कप्प्यातच कमी झालेलं दिसतं, कारण बाकी कप्प्यांची पातळी काचेच्या पडद्यांनी बांधलेली असते. तो कप्पा कोरडा पडला की पंप हवा ओढून किरकिरतो आणि लवकर मरतो. तिथे खाली दुसरी टेप लावा: पाणी इथवर उतरलं की भर घालायची.

स्टँडबद्दल एकच, पण विसरू नका. आधी सम्पचं माप, मग स्टँडचं दार. मधोमध पाय असलेल्या सुंदर स्टँडसमोर सम्प हातात घेऊन उभे असलेले लोक मी पाहिलेत. आणि सम्पच्या वर कापूस काढायला हात जाईल एवढी उंची सोडा, नाहीतर सोपं काम अवघड होऊन बसेल आणि आपण ज्यासाठी सम्प निवडला तेच हरवेल. वायरींना प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडेल, सॉकेटपर्यंत चढणार नाही. आणि या जोडणीवर विजेची गळती झाल्यास प्रवाह तोडणारा ब्रेकर हवाच. तिथे काटकसर नको, मुलगी पाण्यात हात घालणार आहे. विजेच्या बिलाची काळजी असेल तर 40 वॉटचा पंप दिवसभर चालून जेमतेम एक युनिट खातो.

भोकं पाडायला टँकवाला तयारच नसेल तर वर म्हटलं तसं दोन कॅनिस्टर, टँकच्या दोन टोकांना, बादलीच्या परीक्षेत मिळून 2000 च्या वर देणारे. आलटून पालटून धुवायचे, एका वेळी एकच. एक बंद पडला तरी दुसरा असतो, आणि एक धुताना काही जिवाणू गेले तरी दुसऱ्यातले सांभाळून घेतात. धुण्याचा वार मात्र तुम्ही घरी असतानाचाच ठरवा.

काहीही घेतलंत तरी बॅटरीवर चालणारा एक एअर पंप आणि त्याला जोडलेला स्पंज फिल्टर टँकच्या कोपऱ्यात असू दे. दिसायला ओबडधोबड असतो. वीज जाऊन चार तास झाले की तोच सगळ्यात देखणा वाटतो.

आता जे काम आजच करता येईल ते. नवा टँक बनायला, त्याचं सिलिकॉन वाळायला, नुसतं पाणी भरून काही दिवस गळती बघायला वेळ जाणार आहे. तेवढ्यात नव्या सम्पसाठीच्या भरड स्पंजचे दोन-तीन तुकडे जुन्या टँकमध्ये टाकून ठेवा, फिल्टरच्या प्रवाहासमोर. नव्या फिल्टरमध्ये जिवाणूंची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, हे तुकडे ती वस्ती घेऊन जातील. मासे हलवाल त्या दिवशी हे स्पंज निथळते ओलेच नव्या सम्पमध्ये ठेवायचे आणि जुना इंटर्नल फिल्टरही महिनाभर नव्या टँकमध्ये चालू ठेवायचा. पहिले दोन आठवडे रोज अमोनिया आणि नायट्राइट बघा, खाणं निम्मं करा. आकडा शून्यावरून हलला की पाणी बदला, नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवणारं औषध आधी टाकून.

पाणी बदलणं सम्प आला म्हणून थांबत नाही, हे तुम्हाला भाच्याने सांगितलं नसेल. फिल्टर विषाचं नायट्रेट करतो आणि तिथेच थांबतो. ते बाहेर काढायला बादली किंवा नळीच लागते. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला, नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) खाली, जमलं तर 20 च्या आसपास राहील असं बघा. तुम्ही बाहेर जाण्याच्या आदल्या दिवशी आणि आल्याच्या दिवशी केलंत तर मुलीवर ते ओझं पडणार नाही.

तिच्यासाठी स्टँडच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. बुधवारी आणि रविवारी कापूस. पाणी दोन टेपांच्या मध्ये आहे ना ते बघायचं. वीज गेली तर बॅटरीचा पंप लावायचा आणि वीज येईपर्यंत खाणं नाही. एरवी खाणं दिवसाला एकदा, चिमटीभर. दोन्ही ऑस्कर काचेला नाक लावून उपाशी असल्याचं नाटक करतील, ते रोज करतात, मोठा ऑस्कर एखादा दिवस न खाता मजेत राहतो. जास्त खाणं घातलं तर जगातला कुठलाच फिल्टर पुरत नाही.

आणि सगळं चालू झाल्यावर पहिल्या रात्री आईंच्या खोलीत तुम्ही झोपा. भिंतीतून गुळगुळ ऐकू आली तर उठून गेट व्हॉल्व्ह थोडासा, पाव आट्याहूनही कमी, आवळा. नवी पातळी स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तोवर अंधारात बसून राहा आणि मग परत ऐका.